तीन वारांची कोंबडी

कोंबडीच्या पोटात पिशवी असते हे मला अमेरिकेत येईपर्यंत माहीत नव्हतं. सांगलीत मी वीस वर्षं खाणावळ चालवली. तिथं कोंबडी सकाळी फडफडत यायची आणि दुपारी ताटात असायची, त्यामुळे तिच्या पोटात काय काय असतं ते मला पाठ होतं. टेक्सासमधल्या प्लेनोला आल्यावर पहिल्याच रविवारी नणंदेच्या ओट्यावर एक गोरीपान, थंडगार, बिनमुंडीची कोंबडी बघितली. आत हात घातला तर कागदाची पिशवी हाताला लागली. मी किंचाळलेच! नणंद हसून हसून बेजार. म्हणाली, "वहिनी, अगं तिचीच मान आणि काळीज बांधून ठेवतात त्यात."

आम्ही दोन हजार एक साली आलो. नणंदेनं भावासाठी टाकलेला ग्रीन कार्डाचा अर्ज बारा वर्षांनी पिकला, तोवर माझी पन्नाशी उलटली होती. यांना एका गोदामात काम मिळालं. मी घरात बसून खिडकीतून गाड्या बघायची. प्लेनोत रस्त्यानं चालणारं माणूस दिसलं तर लोक गाडी थांबवून विचारतात, काही मदत हवी का म्हणून. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. इंग्रजी म्हणजे 'येस' आणि 'व्हेरी नाइस'. येत होता तो फक्त स्वयंपाक.

नणंदेच्या ऑफिसातल्या एका मुलीनं एकदा रविवारी बोलावलं. मग तिच्या मैत्रिणीनं, मग तिच्या मैत्रिणीच्या दिरानं. बघता बघता मी 'चिकनवाल्या काकू' झाले. डबे मी कधी दिले नाहीत. मी लोकांच्या घरी जायचे आणि त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच पातेल्यांत, एका अख्ख्या कोंबडीचा आठवडा लावून द्यायचे. ज्यांना शिकायचं असेल त्यांना शिकवायचे. त्यांनीच मला गाडीनं न्यायचं आणि आणून सोडायचं, एवढी माझी अट होती.

आठवडा लावणं म्हणजे काय ते सांगते. आपली पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं तिकडं कोंबडीची नुसती छाती पाकिटातून आणायची आणि रस्सा करायची. हाडाशिवाय रस्सा म्हणजे रंगीत पाणी. मग आईला फोन, "आई, तुझ्यासारखी चव का येत नाही गं?" येईल कशी? मी म्हणायचे, अख्खी आणा. कातडी सोलायची. तंगड्या आणि पंख रविवारच्या रश्श्याला. छातीचं मांस बुधवारी, सुकं करा नाहीतर खिमा करून पोळीत गुंडाळा. उरला पाठीचा सापळा आणि मान. तो हळद, कांदा, आलं घालून मंद आचेवर उकळायचा. तिखट नाही, मीठ नाही. आमच्याकडं या पाण्याला अळणी म्हणतात. हाडाला चिकटलेलं मांस सोडवून त्यातच टाकायचं आणि डबा फ्रीझरमध्ये. शुक्रवारी त्यात तांदूळ शिजवला की असा पुलाव होतो की पोरं ताट चाटतात.

रविवार, बुधवार, शुक्रवारच का? तर सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देवांनी आपले वार घेतल्यावर माणसाला उरतात तीनच. अमेरिकेत गेलेल्या पोरांनी बाकी सगळं सोडलं, पण वार सोडले नाहीत. ऑफिसात गुरुवारी पिझ्झा आला तर चीजचा खायची. एक कोंबडी तीन वारांना बरोबर पुरते, दोन माणसं आणि एक मूल असेल तर. जणू आपल्या पंचांगासाठीच घडवलीय!

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका पोरानं मला घाबऱ्या घाबऱ्या फोन केला, "काकू, हळद लावतोय पण चिकटतच नाहीये." गेले तर काय, दुकानातून भाजून तयार केलेली कोंबडी आणून, नळाखाली साबण सोडून सगळ्यानं धुतली होती आणि तिला हळद-मीठ चोळत होता. म्हटलं, "बाळा, ती शिजलेली आहे." तो म्हणाला, "हो, पण आई म्हणाली होती, धुतल्याशिवाय काही करायचं नाही." आता बोला! आईचं वाक्य सात समुद्रापार पोचलं होतं, पण कोंबडी वेगळी निघाली.

दुसऱ्या एका घरी देव्हारा स्वयंपाकघरात. म्हणून कोंबडी गराजमध्ये शिजायची, दोन गाड्यांच्या मधोमध, गॅसच्या छोट्या शेगडीवर. दार सताड उघडं ठेवायचे. मी तिथं कांदा-खोबरं भाजायला लागले की समोरचा म्हातारा अमेरिकन कुत्रं फिरवायचं निमित्त करून तीनदा दारावरून जायचा. शेवटी एकदा मीच त्याला वाटीभर रस्सा दिला. नाक पुसत, डोळे पुसत त्यानं तो संपवला आणि मला 'गॉड ब्लेस यू' म्हणाला. मी म्हटलं, "व्हेरी नाइस."

एका जोडप्यात नवरा मालवणचा आणि बायको नागपूरची. तो म्हणायचा खोबरं ओलं, ती म्हणायची सुकं. दोघांनी माझ्याकडं निवाडा मागितला. मी एकाच कोंबडीचे दोन वाटे केले, दोन पातेली चढवली आणि चहा पीत बसले. जेवताना दोघंही एकमेकांच्या पातेल्यातून वाढून घेत होते, तेव्हा माझं काम झालं होतं.

पण मला जे लिहायचंय ते श्रीधरचं. इतकी वर्षं लिहिता येत नव्हतं. का, ते शेवटी कळेलच.

श्रीधरचा फोन आला तो एका फेब्रुवारीत. पुण्याचा, अगदी शुद्ध बोलणारा. "काकू, मला चिकन शिकायचंय. बेसिकपासून. मी स्वतः खात नाही." माझी जीभ आधीच तिखट. मी हसून म्हटलं, "मग कशाला रे शिकतोस? बायकोनं ढकललं वाटतं स्वयंपाकघरात!" तो म्हणाला, "ती नाहीये आता. ऑक्टोबरमध्ये गेली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी तो घ्यायला आला आणि गाडीत त्यानं सगळं सांगितलं.

बायको वैशाली साताऱ्याची. याच्या घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद, आणि तिच्या घरी रविवार म्हणजे कोंबडीच. लग्नानंतर दोघांनी ठरवून घेतलं होतं. रविवारी सकाळी स्वयंपाकघर तिचं, तेवढा वेळ हा बाहेर गवत कापणार. मुलगी इरा आईवर गेलेली, चिकनशिवाय तिचा रविवार होत नसे. "सात वर्षं दर रविवारी मी बाहेर मशीन ढकलत होतो," श्रीधर म्हणाला, "आतून वास यायचा, दोघींचं हसू यायचं. ती काय घालते, कसं करते, कधी बघितलंच नाही. हिवाळ्यात गवत वाढत नाही, तरी मी बाहेर." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वैशाली आजारी पडल्यावर तिची आई, सुमनताई, साताऱ्याहून आल्या होत्या. लेक गेली, तरी नातीसाठी थांबल्या. आता एप्रिलअखेर त्यांचा व्हिसा संपत होता. त्यांनी जावयाला स्पष्ट सांगितलं होतं, "पोरीला मी घेऊन जाते. तुम्ही दिवसभर ऑफिसात, आणि घरी तिला वरण-भातावर ठेवणार. पोर आधीच काडीसारखी झालीय." दोन तिकिटं काढून झाली होती, एक त्यांचं आणि एक इराचं. श्रीधर 'नाही' म्हणू शकला नव्हता. ज्या बाईची लेक आपल्या घरात गेली, तिला काय तोंडानं नाही म्हणायचं? तो इतकंच म्हणाला होता, "आई, मला शिकायला दोन महिने द्या."

पहिला धडा मी जन्मात विसरणार नाही. त्यानं दोन्ही हातांत रबरी मोजे चढवले, शिवाय तोंडाला फडकं. मी म्हटलं, "ऑपरेशन आहे का रे?" कोंबडी समोर ठेवली तर तो तिच्याकडं बघेना. मी त्याचा हात धरून तंगडीच्या सांध्यावर नेला. "इथं वाकव. आता सुरी हाडावर नाही, हाडांच्या मधे." सांधा कट्कन सुटला, तसा तो सुरी टाकून मागच्या अंगणात गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. पुन्हा मोजे घातले आणि दुसरी तंगडी माझी मदत न घेता वेगळी केली.

सुमनताई जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बसलेल्या असायच्या. गोऱ्या, उंच, केस घट्ट बांधलेले. तो रस्सा लेकीला त्यांनीच शिकवलेला. एक शब्द बोलल्या असत्या तर त्याचं काम सोपं झालं असतं. बोलायच्या नाहीत. लेक गेल्यापासून त्यांनी मांसाहार सोडला होता. नातीसाठी रांधायच्या, पण बोटाला लागलेला थेंबही जिभेला लावत नसत.

सगळ्यात मोठी अडचण मिठाची. मी म्हटलं, "श्रीधर, चाखल्याशिवाय कसं कळणार तुला? जरा जिभेच्या टोकावर." तो नम्रपणे, पण ठाम म्हणाला, "काकू, ते मला जमणार नाही. पण आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखतं का? आई पंचवीस पानांचं करायची, देवाला दाखवेपर्यंत जिभेला काही लावायची नाही. कधी मीठ चुकलं नाही तिचं." मला पटेना. देवाचा शिरा वेगळा आणि कोंबडीचा रस्सा वेगळा. पण म्हटलं, बघू.

आणि तो शिकला की हो! त्यानं वही केली. वासावरून कळायला लागलं, कांद्याचा कच्चेपणा कधी गेला, खोबरं करपायच्या आधीचा क्षण कोणता. धुराचा अलार्म सुरुवातीला दर रविवारी कोकलायचा, नंतर गप्प झाला. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा, स्वच्छ अक्षरात: रविवार, बुधवार, शुक्रवार. मीठ आधी चमच्यानं मोजायचा, मग मुठीच्या अंदाजानं. चाखायला इरा. स्टुलावर बसून गणितं सोडवायची आणि मधेच तोंड उघडायची. "नीड्स सॉल्ट, बाबा." "टू मच तिखट!"

पहिल्या रविवारी मात्र तिनं ताट सरकवलं होतं. "धिस इज नॉट ममाज." श्रीधर तसाच उभा राहिला, वाटी हातात. मीच तिच्याजवळ बसले. म्हटलं, "नाहीच आहे गं ते ममाचं. ममाचं तसं कुणालाच येणार नाही, मलासुद्धा नाही. हे बाबाचं आहे. बाबाचं कसंय ते सांग." तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "इट्स ओके." त्या 'ओके'वर तो माणूस आठवडाभर चालला असेल. मार्चच्या शेवटी इरा शुक्रवारच्या पुलावाची वाट बघायला लागली. शाळेत बुधवारी तिच्या डब्यातली खिम्याची पोळी मैत्रिणी मागायच्या. हे मी सुमनताईंच्या कानांवर मुद्दाम घालायची. त्या लसूण सोलत राहायच्या.

जायच्या आधीचा शेवटचा रविवार आला. विमान मंगळवारचं. सुमनताई श्रीधरला म्हणाल्या, "आज मी कशाला हात लावणार नाही. तुम्ही एकट्यानं करा. पोर पोटभर जेवली तर बघू." मग माझ्याकडं वळून, "शालनताई, तुम्ही बसा. पण हात लावायचा नाही."

त्या दिवशी नेमकी संकष्टी. माझी लहानपणापासूनची, चंद्रोदयापर्यंत कडक. खाणावळीत असतानाही संकष्टीला मी मटण रांधायचे पण चाखायचं काम नवऱ्याचं. म्हणजे बघा, चुलीवर कोंबडी, घरात तीन मोठी माणसं, आणि चाखणारं एकही नाही. एक खात नाही, एकीनं सोडलेलं, एकीचा उपास. जी चाखायची ती इरा शेजारच्या मैत्रिणीकडं खेळायला गेलेली.

श्रीधरनं सकाळपासून एकट्यानं सगळं केलं. सोललं, कापलं, सापळा उकळायला ठेवला, मसाला वाटला. सुमनताई टेबलाशी मान खाली घालून बसल्या होत्या. मी सोफ्यावर हातावर हात ठेवून बसले होते, आणि नुसतं बसणं हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम. मधेच यांचा फोन आला म्हणून मी अंगणात गेले. पाच-सात मिनिटं. आत आले तर रस्सा रटरटत होता, वर लालभडक तवंग. अळणीचा डबा 'शुक्रवार' अशी चिठ्ठी लावून बाजूला गार होत होता. श्रीधर हात पुसत म्हणाला, "इराला घेऊन येतो," आणि शेजारी गेला.

माझं लक्ष मिठाच्या बरणीकडं गेलं. झाकण घट्ट लावलेलं, बरणी मागं आपल्या जागी, ओट्यावर मिठाचा एक कण नाही. विसरला! आजच्या दिवशी विसरला! दोन महिने त्यानं घेतलेले कष्ट डोळ्यांपुढं आले. पोर पहिल्या घासाला 'नो सॉल्ट' म्हणेल आणि मंगळवारी विमानात बसेल. मी उठले, बरणी उघडली, शीग लावून एक चमचा पातेल्यात टाकला, ढवळला आणि परत येऊन बसले. आयुष्यात हजारो पातेली उतरवली, पण चोरासारखं मीठ कधी टाकलं नव्हतं.

पाच मिनिटांत इरा आली, हात धुवून ताटावर बसली. पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. पाण्याचा पेला घटाघट प्यायली. "बाबा, टू सॉल्टी. लाइक, रिअली सॉल्टी."

त्यानं मीठ घातलं होतं! घालून, झाकण लावून, बरणी जागेवर ठेवून, ओटा पुसून ठेवला होता, जसा तो सगळंच ठेवतो तसा. आणि मी त्याच्यावर भरवसा ठेवला नाही. तोंड उघडून सांगायला हवं होतं, 'अरे, मी टाकलंय.' माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. सुमनताईसुद्धा गप्प.

श्रीधरचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण क्षणभरच. तो इराला म्हणाला, "ये, स्टूल घेऊन ये. मला मदत कर." तिच्या ताटातलं परत पातेल्यात घातलं. दोन बटाटे चिरून टाकले. मग 'शुक्रवार'चा डबा उघडला आणि अळणी थोडी थोडी ओतायला लागला. उकळी आली की चमच्यात रस्सा घ्यायचा, फुंकर मारायची आणि इरापुढं धरायचा.

"आता?"

"स्टिल सॉल्टी."

पुन्हा थोडी अळणी, पुन्हा उकळी. "आता?"

"ऑलमोस्ट."

"आता?"

तिनं डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाली, "गुड. बाबा, इट्स गुड."

डबा रिकामा झाला होता. रस्सा पातळ झाला होता, साताऱ्याच्या माणसानं नाक मुरडावं इतका. पण इरानं भातावर घेतला, कालवला, भुरकला. दोनदा भात मागितला. तंगडीचं हाड चोखून चोखून पांढरं केलं. मी तिच्याकडं बघत होते आणि सुमनताई जावयाकडं.

त्यांनी विचारलं, "शुक्रवारचं आजच संपवलंत. आता शुक्रवारी पोर काय खाणार?"

श्रीधर इराला ताक वाढत होता. मान वर न करता म्हणाला, "छातीचं मांस आहे ना आई, त्याचे दोन भाग करतो. निम्मं बुधवारी, निम्मं शुक्रवारी भातात घालीन. मान काढून ठेवलीय, तिचा थोडा रस होईल. कमी पडलं तर दोन अंडी."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. मंगळवारचं विमान. त्यानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. सुमनताईंचा आवाज अगदी हळू झाला होता. "शुक्रवारी इरा इथं असेल, असं धरून चाललात तुम्ही?"

"हो," तो म्हणाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. "हो, आई. मला ती इथं हवीय."

त्यांनी उठून इराचं तोंड पदरानं पुसलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तिचं तिकीट कॅन्सल करा." इराला अर्धवट कळलं असावं, तिनं आज्जीच्या कमरेला मिठी मारली. श्रीधर वाकून पाया पडायला गेला तर त्यांनी त्याला वरच्या वर धरलं आणि मग मात्र त्यांचा बांध फुटला. लेक गेल्यावर रडल्या नसतील इतक्या रडल्या. मीही रडले. मला कशाकशाचं रडू येत होतं ते माझं मलाच ठाऊक.

मी सिंकपाशी पातेलं घासायला घेतलं. सुमनताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, "मीठ टाकताना मी बघितलं तुम्हाला."

माझ्या हातातली घासणी थांबली.

"त्यांनी घातलेलंही बघितलं होतं. तुम्ही फोनवर होता तेव्हा. मूठभर घेतलं, हातात तोललं, थोडं परत बरणीत टाकलं. बरोबर होतं. माझी वैशाली असंच तोलायची." पुढं म्हणाल्या, "तुम्ही उठलात तेव्हा एक शब्द बोलले असते तरी झालं असतं. नाही बोलले. वाटलं, बिघडू दे. पोर नको म्हणू दे. म्हणजे मला एकटीला परत जावं लागणार नाही साताऱ्याच्या त्या घरात."

मी ओल्या हातानं त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नका, ताई. मी आहे तोवर तरी नको." मी शब्द दिला. खरं सांगायचं तर त्या शब्दाआड मीही लपले. मला माझी चूक सांगावी लागणार नव्हती.

मंगळवारी त्या एकट्याच गेल्या. दरवर्षी मे महिन्यात श्रीधर इराला साताऱ्याला घेऊन जायचा, स्वतः तिथं पंधरा दिवस राहायचा. इरा मोठी झाली, दातांना तार लावली, तार काढली. दोन हजार आठनंतर माझे गुडघे बोलायला लागले आणि मी लोकांच्या घरी जाणं सोडलं. श्रीधर मात्र दिवाळीला घरी येतोच. प्रत्येक वेळी इरा तक्रार करते, "शालनआज्जी, बाबाच्या जेवणात मीठच नसतं. टेबलवर बाटली ठेवतो, आपापलं घ्या म्हणतो." आणि तो हसून म्हणतो, "काकू, त्या रविवारपासून हात आखडतो हो. कितीही अंदाज असला तरी वाटतं, परत चुकेल." त्याला वाटतं, त्या दिवशी त्याचा हात चुकला होता. इतकी वर्षं मी समोर बसून ऐकून घेते आणि चकली खाते.

गेल्या माघात सुमनताई गेल्या. शेवटच्या आठवड्यात श्रीधर आणि इरा दोघंही त्यांच्याजवळ होते.

तेव्हा आता सांगते. हे छापून आलं की तो अंक मी स्वतः पोस्टानं तुझ्या घरी पाठवणार आहे, श्रीधर. तोंडावर सांगायचं धाडस नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारी मीठ तू अगदी बरोबर घातलं होतंस. वरचा चमचा माझा होता.